संगणकजाळ्यांचा अभ्यास आणि प्रयोगाची वही

परीक्षेस पंधरा दिवस उरले की बाजारातून गाइड आणावयाचे, अपेक्षित प्रश्नांवर खुणा करावयाच्या आणि रात्रीचा दिवस करून ते डोक्यात कोंबावयाचे, ही आपल्याकडील अभ्यासाची रूढ रीत आहे. तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. ते पुन्हा उगाळण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्या परीक्षेच्या मुख्य भागात उत्तरपत्रिका नावाची वस्तूच नाही, तुम्ही उभी केलेली यंत्रणा चालते की नाही एवढेच जेथे पाहिले जाते, तेथे ही रीत कशी कोलमडते आणि तिच्या जागी कोणती रीत घ्यावी लागते, याचा विचार कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडावा.

ही परीक्षा म्हणजे संगणकजाळ्यांच्या क्षेत्रातील 'सीसीआयई'. सिस्को ही अमेरिकन कंपनी १९८४ साली स्थापन झाली आणि १९९३ साली तिने ही परीक्षा सुरू केली. उत्तीर्ण होणाऱ्यास एक क्रमांक मिळतो. त्यांतील १०२४ हा आरंभीचा क्रमांक कोणा माणसाला न देता प्रयोगशाळेलाच दिला गेला आणि माणसांचे क्रमांक १०२५ पासून सुरू झाले. ही गंमत म्हणून सांगितली जाते, पण परीक्षेचा स्वभाव तिच्यात नेमका आला आहे. आरंभी प्रात्यक्षिक दोन दिवस चाले. २००१ पासून ते एका दिवसाचे, आठ तासांचे झाले. २०२० मध्ये परीक्षेची पुनर्रचना झाली. आता आधी दोन तासांची लेखी परीक्षा द्यावयाची, ती उत्तीर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत प्रात्यक्षिकास बसावयाचे. प्रात्यक्षिकाचे पहिले तीन तास आराखड्यासाठी आणि उरलेले पाच तास प्रत्यक्ष उभारणीसाठी व बिघाड शोधण्यासाठी असतात. भारतातील परीक्षार्थी बहुधा बंगळूरच्या केंद्रात जात आले आहेत. शुल्क डॉलरांत आहे, आणि एकट्या प्रात्यक्षिकाचेच दीड हजार डॉलरांहून अधिक. एकदा नापास होणे म्हणजे काय, हे यावरून कळेल.

मात्र पदवीची अट नाही. इतिहास किंवा मराठी घेऊन बी. ए. झालेल्यासही या परीक्षेस बसता येते. म्हणूनच हा विषय या अंकात आणण्याचे धाडस केले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जाळे म्हणजे एकमेकांना जोडलेली यंत्रे. एका इमारतीतील यंत्रांना जोडतो तो स्विच. निरनिराळ्या जाळ्यांना जोडतो आणि आलेले पॅकेट पुढे कोणत्या वाटेने धाडायचे हे ठरवतो तो राउटर. टपाल कचेरीत पत्रांची विभागणी करणारा कर्मचारी आणि राउटर यांचे काम फारसे वेगळे नाही. फरक इतकाच की राउटराजवळचा वाटांचा तक्ता बहुतेक वेळा कोणी हाताने लिहून दिलेला नसतो. शेजारच्या राउटरांशी बोलून तो स्वतःच तयार करतो. या बोलण्याचे नियम पुस्तकात आहेत आणि ते पाठ करता येतात. पण दहा राउटर एकाच वेळी एकमेकांशी बोलू लागले म्हणजे त्या नियमांतून काय निष्पन्न होईल, हे पाठांतराने कळत नाही. पाणिनीची सूत्रे मुखोद्गत असूनही संस्कृतात चार वाक्ये बोलता न येणारे विद्वान आपण पाहिले आहेतच.

हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नव्हे. १३ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणकजाळे कोसळले आणि सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर कारभार करावा लागला. औषधांच्या सूचना, प्रयोगशाळेचे अहवाल, सारे काही हातोहात न्यावे लागले. यंत्रे जळाली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या. स्विचांच्या जाळ्यात पॅकेटे गोल गोल फिरू नयेत म्हणून 'स्पॅनिंग ट्री' नावाची पद्धत वापरतात. राडिया पर्लमन यांनी ती १९८५ साली सिद्ध केली (आणि तिच्यावर एक छोटी कविताही लिहिली, हे कलाशाखेच्या वाचकांस सांगितलेच पाहिजे). ते जाळे वर्षानुवर्षे वाढत वाढत या पद्धतीला झेपेल त्या मर्यादेपलीकडे गेले होते. राउटरांतून जाणाऱ्या पॅकेटावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली असते, ती संपली की पॅकेट टाकून दिले जाते. स्विचांतून फिरणाऱ्या इथरनेटच्या चौकटीवर अशी मर्यादाच नसते. तेथे चक्र निर्माण झाले की तीच चौकट अखंड फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात आणि क्षणार्धात जाळे तुंबते. हे वाक्य वाचायला दहा सेकंद लागतात. दोन स्विच दोन तारांनी जोडून, स्पॅनिंग ट्री बंद करून एक हाक सोडावी आणि समोरचा पडदा गोठताना पाहावा, म्हणजे 'क्षणार्धात' याचा अर्थ कळतो.

असे प्रयोग करण्यासाठी साधने कोठून आणावयाची, हा पूर्वी मोठा प्रश्न होता. परीक्षार्थी जुनेपाने राउटर विकत घेत, खोलीत लोखंडी मांडणीवर चढवीत आणि पंख्यांच्या आवाजात व विजेच्या बिलात वर्ष काढीत. २००५ साली क्रिस्तोफ फियो या फ्रेंच गृहस्थाने 'डायनामिप्स' नावाची प्रणाली लिहिली. तिच्यामुळे सिस्कोच्या काही राउटरांचे मूळ सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालू लागले. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांनी तिच्यावर 'जीएनएस३' हा चित्रमय साज चढवला. याखेरीज सिस्कोचेच 'पॅकेट ट्रेसर' विद्यार्थ्यांस विनामूल्य मिळते. दोहोंतला भेद ध्यानात ठेवावा. पॅकेट ट्रेसर राउटराचे सोंग आणतो. त्याला शिकवलेल्या आज्ञांपलीकडे तो जात नाही. डायनामिप्सवर राउटर आपल्या मूळ स्वभावाने वागतो, दोषांसकट. आरंभाला सोंग चालेल. प्रगत अभ्यासाला चालणार नाही. मूळ सॉफ्टवेअर मात्र रीतसर परवान्यानेच मिळवले पाहिजे. ते परवडत नसेल तर लिनक्सवर चालणारे 'एफआरआर' हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. त्याच्या आज्ञा सिस्कोच्या आज्ञांशी पुष्कळ मिळत्याजुळत्या आहेत, आणि आठ जीबी स्मृतीच्या साध्या लॅपटॉपवर असे आठदहा राउटर सुखाने नांदतात. पुढील प्रयोग त्यावरही करता येतात.

पहिला प्रयोग दोन राउटरांचा. त्यांना अ आणि ब म्हणू. मध्ये एक तार, तिच्यावर १०.१.१२.० हे जाळे. दोघांना 'ओएसपीएफ' या नियमावलीने बोलायला लावावयाचे आहे. जॉन मॉय यांनी १९९८ साली आरएफसी २३२८ या दस्तऐवजात तिचे जे रूप मांडले, तेच आजही प्रमाण मानतात. या नियमावलीत प्रत्येक राउटर दर दहा सेकंदांनी 'हॅलो' म्हणतो. चाळीस सेकंदांत शेजाऱ्याचे हॅलो आले नाही तर शेजारी गेला असे समजतो. दोघांचे हॅलो जुळले की ओळख होते. मग आपापल्याजवळील माहितीच्या याद्या एकमेकांस दाखवतात, जे कमी असेल ते मागून घेतात आणि शेवटी दोघांजवळ जाळ्याचा एकच नकाशा तयार होतो. या शेवटच्या अवस्थेस 'फुल' म्हणतात. पुस्तकात या अवस्थांची नावे ओळीने दिलेली असतात आणि विद्यार्थी ती ओळीने पाठ करतो.

आता ब च्या दारावरील 'एमटीयू', म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटाची कमाल लांबी, नेहमीच्या १,५०० बाइटांवरून १,४०० वर आणावी. काही करण्यापूर्वी वहीत भाकीत लिहावे : शेजार जमेल की नाही? जमला नाही तर कोणत्या अवस्थेत अडकेल? मग ओएसपीएफ सुरू करावे.

पिंग केले तर उत्तर येते. हॅलो येतात आणि जातात. ओळख होते. आणि तेथून पुढे गाडी हलत नाही. एका बाजूस 'एक्स्स्टार्ट' दिसते, दुसऱ्या बाजूस कधी 'एक्स्चेंज'. काही वेळाने तुटते, पुन्हा जमू पाहते, पुन्हा अडकते. येथे नवखा विद्यार्थी हमखास म्हणतो, 'पिंग तर चालतो आहे, म्हणजे तार ठीक आहे, ओएसपीएफच बिघडले आहे.' वस्तुतः दोन्ही अर्धवट आहे. याद्या दाखवण्याच्या पॅकेटात प्रत्येक राउटर आपली एमटीयू लिहितो. दुसऱ्याची एमटीयू आपल्या दारात मावणार नाही असे दिसले की ते पॅकेट नाकारावे, असा नियमच आहे. म्हणून ब हा अ ची यादी नाकारतो. अ ला ब ची यादी मान्य आहे, पण त्याचा उपयोग नाही. पिंग चालला तो केवळ लहान होता म्हणून. लिनक्सवरचा नेहमीचा पिंग सारे धरून ८४ बाइटांचा असतो. तोच १,४७२ बाइटांचा मजकूर घेऊन, तुकडे न करण्याच्या अटीवर ब कडून पाठवावा. शीर्षकांचे २८ बाइट मिळवून तो १,५०० होतो आणि ब च्या दारातूनच बाहेर पडत नाही.

या प्रयोगाची खरी गोडी पुढे आहे. एमटीयूकडे दुर्लक्ष करा, अशी एक आज्ञा ओएसपीएफला देता येते. ती दिली की शेजार तत्काळ 'फुल' होतो आणि विद्यार्थी समाधानाने झोपतो. पण तारेवरची विसंगती जशीच्या तशीच आहे. जाळे लहान असेपर्यंत याद्याही लहान, म्हणून काही बिघडत नाही. जाळे वाढले, अ ने पूर्ण लांबीची पॅकेटे धाडायला आरंभ केला, की ती वाटेत गळू शकतात आणि शेजार पुन्हा लटकतो, तोही अशा दिवशी की जेव्हा त्या दाराला कोणी हात लावलेला नसतो. लक्षण बरे करणे आणि रोग बरा करणे यांतला भेद वैद्यकात सांगतात तोच येथेही आहे. परीक्षेत कधी ही आज्ञा वापरण्यास मनाई असेल, कधी एमटीयू बदलण्यास मनाई असेल. दोन्हींचा परिणाम डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थीच कोठे काय चालेल हे सांगू शकतो.

दुसरा प्रयोग जगाच्या इतिहासातून उचललेला आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारच्या आदेशावरून तेथील दूरसंचार कंपनीला यूट्यूब देशापुरते बंद करावयाचे होते. यूट्यूब त्या काळी २०८.६५.१५२.०/२२ हा पत्त्यांचा गट जाहीर करीत असे. या कंपनीने त्यातल्याच २०८.६५.१५३.०/२४ या पोटगटाची वाट आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. ही घोषणा देशातच राहायची ती तिच्या वरच्या पुरवठादाराने जगभर पुढे धाडली, आणि पाहता पाहता यूट्यूबकडे जाणारी जगातली पॅकेटे पाकिस्तानकडे वळली. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने तोच /२४ स्वतः जाहीर केला, त्यानंतर त्याहून बारीक असे दोन /२५. आणि सुमारे सव्वादोन तासांनी वरच्या पुरवठादाराने खोटी घोषणा मागे घेतली.

हे सारे टेबलावर उभे करता येते. 'बीजीपी' या नियमावलीने बोलणारे चार-पाच राउटर, खासगी वापरासाठी राखलेले ६५००१ वगैरे क्रमांक, आणि खऱ्या पत्त्यांऐवजी १०.६५.१५२.०/२२. बाहेरच्या जगाशी तार जोडलेली नसावी, हे सांगायला नकोच. मालक हा मधल्या राउटराचा थेट शेजारी ठेवावा. तोतया दोन मध्यस्थांपलीकडे. (एफआरआरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत काय घ्यावे व काय द्यावे याचे धोरण लिहून दिल्याशिवाय परक्या शेजाऱ्याशी वाटांची देवाणघेवाणच होत नाही. याच्यावर एक संध्याकाळ जाते, पण ते धोरण कशासाठी मागितले जाते याचे उत्तर २००८ च्या त्याच घटनेत आहे.) मग वहीत भाकीत : मधला राउटर १०.६५.१५३.१ कडील पॅकेट कोणाकडे धाडील?

ज्यांनी बीजीपीची निवडपद्धत पाठ केली आहे ते बहुधा लिहितात, 'मालकाकडे. कारण त्याची वाट आखूड आहे.' आणि पॅकेट तोतयाकडे जाते. निवडपद्धत चुकलेली नसते. ती एकाच पत्तागटाच्या दोन वाटांमध्ये निवड करते, आणि /२२ व /२४ हे तिच्या दृष्टीने दोन निराळे गट आहेत. त्यांची तुलनाच होत नाही. दोन्ही तक्त्यात बसतात, आणि पॅकेट धाडताना जो गट अधिक नेमका तोच वापरला जातो. १५२, १५४ आणि १५५ यांची पॅकेटे त्याच वेळी निमूटपणे मालकाकडे जात असतात, हेही पाहून ठेवावे. नंतर मालकाकडून /२४ जाहीर करावा. आता मात्र एकाच गटाच्या दोन वाटा झाल्या, आखूड-लांबीचा हिशेब लागू झाला, आणि मधला राउटर मालकाकडे परतला. पण तोतयाच्या शेजारी बसलेला राउटर परततो का? तो परतत नाही. तेवढ्यासाठीच यूट्यूबला /२५ पर्यंत उतरावे लागले. वर्तमानपत्रातली बातमी आणि पाठ्यपुस्तकातला नियम यांचा सांधा असा आपल्या हाताने जुळवल्याचा आनंद काही और असतो.

वहीचा उल्लेख वर वारंवार आला, तिच्याविषयी दोन शब्द. पानाचे चार रकाने करावेत : भाकीत, घडले ते, पुरावा, कारण. भाकीत शाईने लिहावे, म्हणजे नंतर खोडरबराचा मोह होत नाही. पुराव्याच्या रकान्यात यंत्राने दाखवलेली नेमकी ओळ उतरवावी. 'चालत नाही' हा पुरावा नव्हे, 'अ वर एक्स्चेंज, ब वर एक्स्स्टार्ट, दोन मिनिटांनी तेच' हा पुरावा. कारणाचा रकाना काही दिवस कोरा राहिला तरी हरकत नाही. आज्ञांच्या लांबलचक याद्या वहीत उतरवू नयेत, त्या यंत्रात असतातच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदलून जाळे सुरू झाले तर काहीच शिकायला मिळत नाही, आणि मित्रांपुढे मिरवायला मात्र मिळते. दर आठवड्याला सारे पुसून कोऱ्या यंत्रावरून उभारणी करावी, घड्याळ लावून. पाच तासांत बोटे अडखळत राहिली तर डोक्याला विचारासाठी वेळ उरत नाही.

फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना या क्षेत्रात 'डम्प' म्हणतात, ते पैसे टाकून मिळतात हे उघड गुपित आहे. ते आपल्या गाइडांचेच विलायती भावंड. परीक्षेचे नियम ते मोडतात ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की उत्तर ओळखीचे असले तरी जाळे ओळखीचे नसते. प्रश्नातला एक शब्द बदलला की पाठ केलेली उभारणी आडवी येते. रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाचे जाळे बसले असता तेथे पाठविलेला माणूस कोणत्या रीतीने तयार झाला आहे, हे त्या वेळी विचारून उपयोग नसतो.

याउलट प्रश्न बारकाईने वाचण्याची सवय ही कलाशाखेच्या विद्यार्थ्याची मिळकत आहे, आणि या परीक्षेत तिला मोल आहे. 'सर्व वाटा ब ला कळाव्यात, परंतु क च्या तक्त्यात भर पडू नये' असे वाक्य असते; त्यातील 'परंतु' नंतरचा भाग उभारणीच्या गडबडीत विसरला जातो. आराखड्याच्या तीन तासांत तर पत्रव्यवहार, टिपणे आणि नकाशे वाचूनच निर्णय द्यावयाचे असतात, आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. पुस्तके व दस्तऐवज इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु आरएफसीची इंग्रजी रुक्ष असली तरी सरळ असते. 'असावयासच हवे' आणि 'असावे' यांसाठी तिथे ठरलेले शब्द आहेत आणि त्यांचा अर्थभेद कटाक्षाने पाळलेला असतो. कायद्याची कलमे वाचणाऱ्यास ती परकी वाटणार नाही. टिपणे मात्र मराठीत काढावीत. कारणाचा रकाना आपल्या भाषेत भरता आला नाही, तर कारण अजून सापडलेले नाही असे खुशाल समजावे.

चौघांनी मिळून अभ्यास केला तर बिघाड शोधण्याचा सराव उत्तम होतो. एकाने इतरांच्या पाठीमागे जाळ्यात तीन ठिकाणी खोडी काढावी, बाकीच्यांनी तासाभरात ती शोधावी. पुढच्या आठवड्यात पाळी बदलावी. खोडी काढणाराच अधिक शिकतो, कारण बाहेरून निरोगी दिसेल असा बिघाड रचायला नियम आतून कळावे लागतात.

येत्या सुटीत ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. वर सांगितलेले अ आणि ब घ्यावेत, एमटीयू दोन्हीकडे सारखी ठेवावी, पण मध्ये थेट तार न ठेवता एक स्विच ठेवावा. शेजार 'फुल' झाला की अ ची स्विचकडे जाणारी तार काढावी आणि अ नाहीसा झाल्याचे ब ला किती सेकंदांनी कळते ते मोजावे. अ ला तत्काळ कळेल, त्याचे दार मेले. ब ची तार मात्र स्विचपर्यंत जिवंत आहे. त्याला हॅलो बंद झाल्यावरूनच तर्क करावा लागतो. पुस्तकात चाळीस सेकंद लिहिले आहेत, म्हणून भाकिताच्या रकान्यात बहुतेक जण ४० लिहितील. दहा वेळा तार काढून दहा वेळा मोजले तर आकडे ३० ते ४० यांच्या दरम्यान विखुरलेले मिळतात. कारण चाळीस मोजायला आरंभ होतो तो तार काढल्यापासून नव्हे, तर अ चे शेवटचे हॅलो पोहोचल्यापासून, आणि ते तार काढण्याआधी शून्य ते दहा सेकंदांत केव्हाही येऊन गेलेले असते.